श्वानांचे पाणी त्यांच्या तहानेवर सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की विदर्भाच्या ४४-४५ अंशांची बातमी पहिल्या पानावर येते आणि अलिबाग, रत्नागिरी, मालवणचा ३३-३४ चा आकडा आत कुठेतरी जातो. या आकड्यावर विसंबून किनारपट्टीवर काम करणाऱ्या कुत्र्यांचा, म्हणजे श्वान पथकांपासून बागा-गोदामांच्या राखणीवरल्या कुत्र्यांपर्यंत सगळ्यांचा सराव हिवाळ्याच्याच वेळापत्रकाने चालू ठेवणे घातक आहे. हवामान खातेसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० अंशांची अट लावते आणि किनाऱ्याला ३७ ची. कुत्र्याच्या बाबतीत तर हा फरक आणखी मोठा आहे.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना सुटतो तेवढाच. अंगातली उष्णता तो जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. धापा टाकणे ते याचसाठी. हवेत आधीच ७५-८० टक्के आर्द्रता असेल तर वाफ नीट होत नाही. मे अखेरीस कोकणातल्या माठाचे पाणी देशावरच्यासारखे गार होत नाही, त्याचे कारणही हेच. परिणामी कुत्रा अधिक वेळ धापतो, पाणी गमावत राहतो आणि गारवा मात्र थोडाच पदरात पडतो.

‘पहाटे सराव घेतो, मग काय भीती’ असे अनेक जण म्हणतात. ऊन नसते हा पहाटेचा मोठा फायदा खराच, पण आर्द्रता तेव्हाच सर्वांत जास्त असते आणि समुद्रावरचा वारा सुटायला बराच अवकाश असतो. घोड्यांच्या प्रशिक्षणात वापरतात तो एक आडाखा इथे उपयोगी पडतो: फॅरनहाइटमधले तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. बेरीज १५० च्या वर गेली तर काम निम्म्यावर आणायचे, १८० च्या आसपास पोहोचली तर बंद. पहाटे २७ अंश सेल्सियस म्हणजे सुमारे ८१ फॅरनहाइट, त्यात आर्द्रता ८५, बेरीज १६६. दुपारी ३३ अंश म्हणजे ९१, आर्द्रता ७५, बेरीज तीच. आडाख्यात उन्हाचा हिशेब नसल्याने दुपार अर्थातच वाईट, पण पहाट म्हणजे मोकळे रान नव्हे. (कोरड्या हवेला हा आडाखा लावू नये. नागपूरच्या ४४ अंशांना तो बिनधोक ठरवील.)

आता पाण्याचे. कामात शिरलेला कुत्रा पाणी मागत नाही. विशेषतः मॅलिनॉइज आणि लॅब्रॅडॉर जातींचे कुत्रे चेंडूच्या नादात समोर धरलेल्या भांड्यावरून तोंड फिरवतात. म्हणून ‘तहान लागली की पिईल’ हे धोरण इथे चालत नाही. पाणी घड्याळ बघून आणि मापून द्यावे लागते. ३० किलोच्या कुत्र्याला नुसते बसून राहायलाही किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला दीड ते पावणेदोन लिटर पाणी लागते. उकाड्यात सराव असेल त्या दिवशी हीच गरज दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. सरावाच्या दीड-दोन तास आधी अर्धा लिटर पाजावे. सराव चालू असताना दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिलिलिटर. संपल्यावर भरलेले भांडे पुढ्यात ठेवून निघून जाऊ नये. धापता धापता घटाघटा पिताना कुत्रा हवाही गिळतो आणि प्यायलेले सगळे उलटून पडते. जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याची भीती अधिक, त्यामुळे भरल्या पोटी पळवणे आणि एकदम लिटरभर पाजणे दोन्ही टाळावे.

साधे पाणी पीत नसेल तर त्यात कोंबडी उकडलेल्या पाण्याचे दोन-तीन चमचे घालावेत. त्या पाण्यात मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कोरड्या खाद्यात ओलावा जेमतेम १० टक्के असतो. संध्याकाळच्या ३०० ग्रॅम खाद्यात तितकेच पाणी घालून वीसेक मिनिटे भिजवले, तर पाव लिटरहून जास्त पाणी आपसूक पोटात जाते. आपल्या दमट हवेत भिजवलेले खाद्य लवकर आंबते, म्हणून अर्ध्या तासात न संपलेले उचलावे. धापण्यातून प्रामुख्याने पाणी जाते, क्षार फारसे जात नाहीत. त्यामुळे रोजच्या सरावाला ओआरएसची गरज नसते. कोकम सरबत नकोच. शहाळ्याचे पाणी थोडे चालते, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून ते पाण्याची जागा घेत नाही. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले कोणतेही पेय कुत्र्याला विषारी आहे.

दिलेले पाणी पुरले की नाही हे वजनावरून कळते. कातडी चिमटीत धरून सोडण्याची परीक्षा सर्वांना माहीत असते, पण म्हाताऱ्या, रोड किंवा सैल कातडीच्या कुत्र्यात ती फसते. शिवाय ती बोलू लागते तेव्हा शरीराच्या ५ टक्के पाणी गेलेले असते, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्यात दीड लिटर. त्यापेक्षा काटा बरा. आंब्याच्या पेट्या तोलायचा प्लॅटफॉर्म काटा गावोगाव असतो; तो ५० ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. लघवी-शी उरकल्यावर पहिले वजन घ्यावे. दुसरे सराव संपताच, पट्टा आणि हार्नेस काढून, अंगावर पाणी ओतण्याआधी घ्यावे. ओल्या केसांत मुरलेले पाणी घट लपवते आणि सगळा हिशेब चुकतो. ३० किलो २९.४ झाले तर ६०० मिलिलिटरची तूट. ती दोन तासांत दोनशे-दोनशे करून भरून काढावी. घट ३ टक्क्यांवर, म्हणजे ९०० ग्रॅमच्या पुढे गेली तर त्या दिवशी दुसरा सराव नाही. हिरड्या बोटाला चिकट लागत असतील, किंवा हिरडी दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

पुळणीवर सराव घेणाऱ्यांनी खाऱ्या पाण्याकडे बारीक लक्ष द्यावे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटांत चेंडू टाकला की कुत्रा प्रत्येक फेरीला तोंडभर खारे पाणी आणि वाळू गिळतो. काही तासांत पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या सुरू होतात, शरीरातले उरलेसुरले पाणीही निघून जाते. झोकांड्या किंवा झटके आले तर घरी पाणी पाजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. रक्तातले चढलेले सोडियम घाईने खाली आणणेही मेंदूला घातक असते. पुळणीवर उतरण्याआधी गोडे पाणी पाजावे, चेंडू लाटांत न टाकता कोरड्या वाळूतच ठेवावा. पावसाळ्यात शेतातल्या डबक्यांचे पाणीही पिऊ देऊ नये, आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका मोठा आहे.

मात्र पाजलेल्या पाण्याने झालेली तूट भरते, चढलेला ताप उतरत नाही. ही गल्लत वारंवार होते. भरपूर पाणी प्यायलेल्या कुत्र्यालाही उष्माघात होतो. जीभ टोकाशी फावड्यासारखी रुंद होऊन वळली, लाळ घट्ट तारेची झाली, हिरड्या विटकरी लाल दिसू लागल्या, किंवा नेहमी एका हाकेत बसणारा कुत्रा दुसऱ्या हाकेलाही रेंगाळला, तर तिथेच थांबावे. कुत्र्याचे तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश असते. जोरदार सरावात निरोगी कुत्र्याचेही ४१ पर्यंत चढते आणि थांबल्यावर काही मिनिटे चढतच राहते. म्हणून गुदद्वारातले तापमान दोनदा घ्यावे, थांबताच आणि दहा मिनिटांनी. ते उतरत नसेल, किंवा चाल लटपटत असेल, तर आधी जागेवर भिजवावे आणि मग गाडीत घालावे. आपल्याकडे मोठा दवाखाना अनेकदा घाटापलीकडे असतो. तोवर मूत्रपिंड आणि आतड्यांना इजा होऊन जाते. पाणी सतत ओतत राहावे, सोबत वारा हवाच. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवला तर तोच उष्णता कोंडतो. ३९.५ वर आले की भिजवणे थांबवावे, नाहीतर तापमान प्रमाणाबाहेर खाली जाते.

शुद्धीवर असलेल्या, उलटी न करणाऱ्या कुत्र्यासाठी एक फार सोपा उपाय आहे. बादलीच्या तळाशी खेळणे ठेवून डोके पाण्यात बुडवायला त्याला थंडीतच शिकवावे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या श्वान केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मानेवर बर्फाच्या पिशव्या ठेवण्यापेक्षा असे डोके बुडवणे लवकर गुणकारी ठरले.

आणि नळी अंगावर धरण्याआधी तिचे पाणी स्वतःच्या हातावर घ्यावे. कातळावर उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी, तसेच काळ्या टाकीतले पाणी, चटका बसण्याइतके गरम असते. तोंड आवळून बांधणारे मुसके सरावात वापरू नये. जाळीचे, आत जबडा पूर्ण उघडेल असे वापरावे.

जिल्ह्यांच्या श्वान पथकांना आणि त्यांच्या वरिष्ठांना विनंती अशी की सरावाच्या नोंदवहीत विषयासोबत पाच रकाने वाढवावेत: आर्द्रता, आधीचे वजन, नंतरचे वजन, पाजलेले पाणी आणि थांबल्यावर दहा मिनिटांनीचे तापमान. काटा, थर्मामीटर, आर्द्रतामापक आणि मापाची बाटली मिळून खर्च काही हजारांत बसतो. धापणारा कुत्रा वास नीट घेऊ शकत नाही, त्यामुळे ही नोंद तपासाच्याही कामाची आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत तयार होऊन किनाऱ्यावर रुजू झालेल्या कुत्र्याला पहिले दोन आठवडे निम्माच सराव द्यावा, आणि श्वान हस्तकाने (कुत्रा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने) ‘आज थांबतो’ म्हटले तर त्याच्याकडून खुलासा मागू नये.

– एक श्वान प्रशिक्षक, रत्नागिरी