हेगहून आईला: ठमीच्या जेवणाचं

हेग,
सोमवार, २४ नोव्हेंबर, रात्री

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही छान आहोत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना आजीचा जीव टांगणीला लागायला नको. फोनवर तिला माझं अर्धं बोलणं ऐकू येतं आणि उरलेलं ती मनाने रचते. मी म्हणाले, आमची ठमी भोपळा खाते. तिने ऐकलं, ठमी भोकाड पसरते. मग दोन दिवस इंदूरच्या सगळ्या रामबागेत पोरीच्या रडण्याची चर्चा! म्हणून लिहूनच पाठवतेय. बंड्या कागदावर छापून देईल, तू मोठ्याने वाच.

घराचं, पावसाचं, सायकलींचं काही लिहीत नाही. ते तू पाहून गेलीस. व्हिसाचे नव्वद दिवस संपले त्या सकाळी स्किपॉल विमानतळावर काय झालं तेही दोघींना माहीत आहे, ते असू दे.

उष्टावण तुम्ही फोनवर पाहिलंत, पण अर्धवट. सातवा लागल्यावरच केलं, मुलीचं विषम महिन्यात. बाबांनी पंचांगाचा फोटो तीनदा पाठवायची गरज नव्हती. आजीची चांदीची वाटी चिंचेने घासून लख्ख केली. खीर तांदळाच्या भरडीची, त्यात कुस्करलेलं केळं आणि जायफळाचे दोन वळसे. (जायफळ इथे घरोघर असतं. त्यासाठी डचांनी इंडोनेशियातल्या बांडा बेटांवर काय केलं ते बाबा सांगतील. आता ते फ्लॉवरच्या भाजीवर किसून घालतात.) साखर नाही आणि मध तर मुळीच नाही. आजी, थांब, ओरडू नकोस. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. आपल्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. क्वचित होतं, पण होतं. आम्हा दोघांना तू सोन्याच्या अंगठीने मध चाटवलास आणि आम्ही ठणठणीत आहोत, हे मान्य. अंगठी मीही बुडवली. केळ्यात बुडवली, एवढंच.

घास भरवायचा मामाने. मामा इंदूरला, दुपारी साडेतीन वाजता कुर्ता घालून फोनमध्ये बसलेला (खाली बर्मुडा होती, उभा राहिला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिली). म्हणून हात घेतला शेजारच्या आजींच्या मुलाचा. या आजी तुला आठवतील, जिन्यात भेटून 'कैसन बा' विचारायच्या त्या. सुरिनामचे हिंदुस्तानी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतले. १८७३ साली 'लाला रुख' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून मजूर तिकडच्या मळ्यांवर नेले, तिथून ही माणसं सुरू झाली. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांच्यातले हजारो इकडे आले. घरात सरनामी बोलतात, भोजपुरीची बहीणच. माझी इंदुरी हिंदी तिथे बिनधास्त चालते. आणि गंमत म्हणजे त्यांची नातवंडंही त्यांना आजीच म्हणतात. चिंच, भेंडी, कारली मी त्यांच्याच ओळखीच्या दुकानातून आणते.

पहिला चमचा ठमीने जिभेने सरळ बाहेर ढकलला. दुसरा नाकावर गेला. तिसऱ्या वेळी तिने चमचाच दोन्ही मुठींत धरला, चांदी हिरड्यांवर घासत बसली आणि मग एकदम गप्प. भुवया वर. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. एक एवढीशी लाट वरून खाली गेली आणि तिने तोंड पुन्हा उघडलं. तुम्हाला हे दिसलं नसणार, फोन तांब्याला टेकवलेला होता आणि मध्ये माझी पाठ होती. नंतर पाटावर पुस्तक, पेन, बांगडी, पळी मांडली तर तिने फोनच ओढला. तेव्हा फोन बंद पडला तो नेटमुळे नव्हे, मामाच्या तोंडावर खिरीचा हात बसला म्हणून. बंड्याला सांग, भाचीने मामालाच निवडलं.

आता तुमचे प्रश्न.

वजन. सहा किलो सहाशे. जन्माला दोन नऊशे होती, म्हणजे दुपटीहून जास्त. इथे बाळांच्या सरकारी तपासणीत नर्सबाई आलेखावर टिंब काढतात आणि हिंदुस्तानी बाळांसाठी इथे वाढीचे वेगळे तक्ते आहेत. आपली मुलं अंगाने बारीक असतात हे त्यांना कळलंय, तेव्हा आजीलाही कळायला हरकत नाही.

ऊन. नोव्हेंबरात इथे ऊन कुठलं? ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज देतो. चार वर्षांपर्यंत सगळ्याच मुलांना देतात, तिच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे.

मीठ. नाही, बाबा, चिमूटभरही नाही, वर्ष होईपर्यंत. "फिकं कसं खाईल" हे तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही पोह्यांवर जीरावन आणि वर शेव घालून खाणारे. तिने अजून मीठ पाहिलेलंच नाही, मग कमी कशाला वाटेल?

आत्याची नाचणी. सांगलीहून इंदूर आणि इंदूरहून बंड्याच्या मित्राच्या बॅगेतून इथे, असा प्रवास झाला तिचा. पहिल्या दिवशी मी सत्व उकळत्या पाण्यात टाकलं आणि गोट्या झाल्या, चांगल्या लगोरी खेळण्यासारख्या. मग आठवलं, तू आधी गार पाण्यात कालवायचीस. मोड आणलेल्या नाचणीची खीर शिजताना सैल होते, म्हणून थोड्या खिरीतही जास्त पीठ मावतं आणि पोटाला आधार होतो. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फारसं नसतं, म्हणून नर्सबाई सारख्या लोह लोह करतात. मी नाचणी दाखवली. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि सोबत मूगडाळही द्या म्हणाल्या. म्हणजे शेवटी वरणभातच. तूप घालून देते, काळजी नको.

शेंगदाणे. हे वाचताना आजीचा हात धर. आम्ही तिला शेंगदाण्याचं लोणी देतो, बिनमिठाचं, बिनसाखरेचं, नाचणीत पातळ करून. अख्खा दाणा नव्हे! तो श्वासनलिकेत अडकतो, हे मलाही कळतं. २०१५ साली लंडनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६४० बाळं घेतली होती, अंड्याची ॲलर्जी किंवा जबर इसब असलेली. निम्म्यांना दाणे दिले, निम्म्यांना पाच वर्षं टाळले. ज्यांनी खाल्ले त्यांच्यात दाण्याची ॲलर्जी फारच कमी निघाली. तेव्हापासून उलट सांगतात, लवकर सुरू करा. आपण तर दाण्याच्या कुटावरच वाढलोय, मला त्यात नवल वाटलं नाही.

ठसका. तिला उबळ आली ते पाहून तू फोनवर किंचाळलीस. बाळांना उबळ जिभेच्या पुढच्या भागाला घास लागला तरी येते, ती त्यांना वाचवते. आवाज येतोय तोवर घाबरायचं नाही, खरं अडकलं तर आवाजच येत नाही. आम्ही दोघांनी त्याचा वर्ग केलाय, बाहुलीच्या पाठीत थापट्या मारून. तरी द्राक्षं उभी चार तुकडे करूनच देणार, तीही अजून नाही.

बाबांनी विचारलं, ऑफिसात दुपारी जेवायला काय असतं. मी ब्रेड म्हणाले आणि ते पुढे बोललेच नाहीत. तेव्हा हे नीट सांगते. इथे सकाळी ब्रेड आणि दुपारी पुन्हा ब्रेड. गरम जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला. साडेबाराला माझे साहेब प्लास्टिकचा डबा उघडतात. आत दोन स्लाइस आणि त्यांच्यामध्ये चीजचा एक काप, इतका पातळ की पलीकडचं दिसेल. तो काप काढायला किसणीसारखं खास हत्यार असतं, घरोघरी. भाजी नाही, लोणचं नाही, वाफ नाही. काही मोठी माणसं, टाय लावलेली, ब्रेडला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे पसरतात, आपण शेव पसरतो तसे. सोबत ग्लासभर गार दूध, नाहीतर ताक, तेही मीठ-जिऱ्याशिवाय. पंधरा मिनिटांत डबा बंद आणि फेरफटका. सुरुवातीला मला वाटलं काटकसर असेल. मग वाटलं वेळ नसेल. पण साहेबांना पैशाची ददात नाही आणि पाचला ते घरीही जातात. आता माझं मत असं झालंय की दुपारचं हे त्यांच्या लेखी जेवणच नसतं, सायकलीत हवा भरावी तसं काहीतरी असतं. मी मायक्रोवेव्हमध्ये वरणभात गरम केला की सगळे वास घेतात, छान म्हणतात आणि आपला गार ब्रेड खातात. पाळणाघरातही हेच. बारा वाजता सगळी बाळं उंच खुर्च्यांत टेबलाभोवती बसतात आणि दात नसलेल्यांच्या हातात ब्रेडची कड देतात, चघळायला.

आई, इथून पुढचा परिच्छेद मनातच वाच. आजीला म्हण, चष्मा पुसतेय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, ठमी पाच महिने तीन आठवड्यांची असताना, मी तिला आणायला गेले. तिथे रोजची वही असते, किती झोपली, किती दूध प्यायली. त्यात लिहिलं होतं: बारा वाजता ब्रेडची कड, खूप आवडली. शेजारी हसरा चेहरा काढलेला. चूक त्यांची नाही. फॉर्मवर 'सरावाचे घास चालतील का' असं विचारलं होतं आणि मीच ट्राममध्ये उभ्याउभ्या 'हो' वर खूण केली होती. म्हणजे तिचा पहिला घास ब्रेडचा, परक्या हातचा, आणि मी तेव्हा मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ९ नोव्हेंबरपर्यंत दुधाशिवाय काही देऊ नका, आमच्यात आधी मामाने भरवायचं असतं. ताईंना ते इतकं पटलं! माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, अर्थातच. मला घरी आल्यावर उलगडा झाला. डचमध्ये ममा म्हणजे आई. त्यांना वाटलं, मला स्वतःला पहिला घास भरवायचाय. मी दुरुस्त करायला गेले नाही. कोणाला सांगितलंही नाही, तुमच्या जावयांनाही तीन दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले, सरावाचा घास मोजत नाहीत. बघ, तुला काय वाटतं.

हं. आता पुन्हा मोठ्याने.

पाळणाघर तीनच दिवस आहे, एक दिवस बापाचा आणि एक माझा. "एवढ्याशा जीवाला परक्यांकडे" हे आजीचं वाक्य मला पाठ झालंय. तीन महिने तिकडे राहिलीस की तू पुन्हा येऊ शकतेस, पण आजीला सोडून तू येणार नाहीस आणि मी तसं म्हणणारही नाही.

घराचं नक्की झालं. दोन खोल्या, मागे अंगणाचा तुकडा. इथे मागितलेल्या किमतीवर बोली लावावी लागते आणि बँक मूल्यांकनापलीकडे एक छदाम देत नाही. वरचे सगळे आमच्या खिशातून गेले. म्हणून डिसेंबरची तिकिटं काढली नाहीत. मला माहीत आहे, बाबांनी सराफ्यातून पोरीसाठी चांदीचे वाळे घेऊन ठेवलेत. पाय वाढतोय, ते जरा मोठ्या मापाचे करून घ्या.

आजीच्या मोतीबिंदूचे पैसे शुक्रवारी बाबांच्या खात्यात टाकलेत. चांगली लेन्स घाला. बाबांनी ते एफडीत ठेवू नयेत, मी विचारणार आहे.

आणि बंड्याचं. त्याने तुम्हाला सांगितलं असेल, नसेल तर मी काही लिहिलेलं नाही. मुलगी सिंधी आहे, तर काय झालं? आपण वर्षानुवर्षं कापड सिंधी कॉलनीतूनच आणतो. मी तिच्याशी दोनदा बोलले, हसरी आहे आणि बंड्याला गप्प बसवते. पत्रिका बघत बसू नका. तारीख मात्र वैशाखात धरा. इंदूरचं ऊन चालेल, तोवर तिकिटांपुरते पैसे जमतील. त्याआधी धरलीत तर मला फोनवरूनच अक्षता टाकाव्या लागतील, आणि मग मी कोणाशी बोलणार नाही.

आजीला नमस्कार, बाबांना नमस्कार.

तुझी,
चिऊ

ता. क. नाचणी दोन आठवड्यांचीच उरलीय, आत्याच्या कानावर घाल. आणि आजीला सहज विचार, पोळीचा तुकडा हातात कितव्या महिन्यात देतात. ती का विचारतेस म्हणाली तर सांग, मी विचारलंय.