टेस्टिंगला दुय्यम का समजता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या करिअर पुरवणीत एआयवर अख्खं पान वाचलं, चांगलं होतं, पण सगळा भर सिस्टीम बनवणाऱ्यांवर, ती सेफ हाय का नाही हे तपासणाऱ्यांवर एक ओळ नाही. आमचं पोरगं पुण्यात तेच करतंय, ऑटोनॉमस, म्हणजे आपोआप चालणाऱ्या गाड्यांचं सेफ्टी व्हॅलिडेशन, गाडी सेफ हाय का ते तपासायचं. स्थळं बघताना लोक तोंडावर विचारतात, टेस्टिंग म्हणजे कोडिंग येत नाही का त्याला? (येतं हो.)

मी स्वतः शिरोलीत फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आयुष्य काढलं. ब्लोहोल (आत वायू अडकून झालेली पोकळी) असलेलं कास्टिंग वरनं झकास दिसतं. पण त्यात निदान खोट तरी असते, पोराचं काम त्याच्या पुढचं. पार्ट बिघडला तर काय, यासाठी आयएसओ २६२६२ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड हाय, आणि काहीच बिघडलं नाही तरी गाडीला समोरचं नीट कळलं नाही तर, यासाठी २०२२ ला आयएसओ २१४४८ आलं. २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पीला उबरच्या टेस्टच्या गाडीनं रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. सेन्सरला ती ५.६ सेकंद आधीच दिसलेली, पण सिस्टीम कधी गाडी म्हणतीय, कधी सायकल म्हणतीय, आणि दरवेळी ती कुठं चालली याचा हिशोब पुन्हा पहिल्यापासनं. नुसती गाडी पळवून हे सापडत नाही, रँड या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात, गाडी माणसाइतकी सेफ हाय हे दाखवायला सुमारे ४४ कोटी किलोमीटर एकही मृत्यू न होता पळवायला लागतील असा हिशोब हाय, म्हणून असले प्रसंग डोकं लावून शोधायचे आणि सिम्युलेटरवर घालायचे.

मागच्या गाळपात रात्री कागलकडनं येताना उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागं लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही, फक्त रस्त्यात झाडाची फांदी टाकलेली आणि चार दगड. आपल्याला फांदी दिसली की लगेच कळतं पुढं काहीतरी बंद पडलंय, पण कॉम्प्युटरला ती नुसती फांदीच. पोरानं गाडी बाजूला घेतली आणि चारी बाजूंनी तिचे फोटो काढत बसलं, मी मोबाईलची बॅटरी धरून उभा.

तेवढं पुढच्या पुरवणीत या कामावर अर्धं पान तरी द्या.

आपला,
एक निवृत्त इन्स्पेक्टर, उद्यमनगर, कोल्हापूर