फादो ऐकायला जाल तेव्हा

लिस्बन

ती. काका आणि ती. काकू यांस,
सा. न. वि. वि.

लिस्बनची एक रात्र फादोसाठी, म्हणजे इथल्या पारंपरिक गाण्यासाठी, राखून ठेवाच. अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत मोठी फादोघरं आहेत; तिथे व्यावसायिक गायक आणि ठरलेल्या दराचं जेवण. पण तुम्ही ताश्कात जा, म्हणजे छोट्या खानावळीत. तिथे गल्लीतली हौशी मंडळी उठून गातात. बहुतेक ठिकाणी माइक नसतो. गायकामागे बहुधा दोनच वाद्यं: एक साधी गिटार, दुसरी बारा तारांची पोर्तुगीज गिटार. काका, तिच्या जवळ बसा. अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी ती छेडतात, ते बघण्यासारखं असतं. जुन्या फादोच्या चाली ठरलेल्या असतात आणि गायक त्यांवर आपापली कविता बसवतो, आपल्या ओवीसारखं. त्यामुळे एकच चाल एका रात्रीत दोनदा ऐकू आली तर नवल नाही.

दिवे मंद झाले की बोलणं बंद, चमच्यांचा आवाजही नाही. वाढपीसुद्धा जागच्या जागी थांबतात. उशीर झाला तर गाणं संपेपर्यंत दारातच उभं राहायचं. एक गायक साधारण तीन-चार गाणी म्हणतो, मग दिवे लागतात आणि वाढप सुरू होतं. म्हणून गरम पदार्थ मध्यंतराच्या सुरुवातीलाच मागवा, नाहीतर ताट समोर गार होत राहतं आणि खाताही येत नाही.

बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, बिलात धरत नाहीत. संगीताचे वेगळे पैसे किंवा किमान खर्चाची अट आहे का, हे मात्र टेबल राखतानाच विचारा. तिथला फादोचा वारही तेव्हाच विचारून घ्या, सगळीकडे रोज नसतो.

काकू, काल्दो वेर्द हे बटाट्याचं सूप. त्यात केसासारखी बारीक चिरलेली कोबीवर्गातली हिरवी पानं शेवटच्या काही मिनिटांत घालतात, म्हणून रंग टिकतो. पण वर शोरीसू सॉसेजची चकती असते आणि बरेचदा ते सूपमध्येच उकळलेलं असतं. नुसती चकती काढून भागत नाही; 'सें कार्न, सें पैश' म्हणा, मांस नको, मासे नकोत. बाकल्याव म्हणजे खारवलेला कॉड मासा, तोही टाळा. काकांनी शोरीसू जरूर घ्यावं: मातीच्या भांड्यात दारू ओतून पेटवतात आणि ज्योतीवर फिरवत भाजतात. घाई केली तर साल करपतं आणि आत थंड राहतं.

मेट्रोने सांता आपोलोनिया स्टेशनला या, मेट्रो रात्री एकपर्यंत असते. तिथल्या दगडी फरसबंदीवरून पाय घसरतो, काकूंनी रबरी तळव्याचे बूट घालावेत. तारीख लवकर कळवा, म्हणजे टेबल राखता येईल.

तुमची,
मनू