शनिवारच्या तालमीआधी नोटेशन सॉफ्टवेअर अपडेट करू नका!

नमस्कार मंडळी, कळकळीची विनंती, शनिवारची दादरची तालीम होईपर्यंत कोणीही नोटेशनचं (स्वरलिपी लिहायचं) सॉफ्टवेअर अपडेट करू नका, स्क्रीनवर कितीही वेळा विचारलं तरी "नंतर" दाबा.

मागच्या वेळी मी तालमीच्या आदल्या रात्री अपडेट केलं आणि व्हायोलिनचा चार पानांचा पार्ट (म्हणजे त्या वाद्यापुरती स्वरलिपी) पाच पानांचा झाला, पान उलटायची जागा नेमकी धावत्या तानेच्या मध्ये आली, वर स्टाफखालच्या (सुरांच्या पाच रेघांखालच्या) देवनागरी शब्दांची जोडाक्षरं फुटली, सकाळी झेरॉक्सवाल्याकडे सगळे पार्ट पुन्हा काढावे लागले. बिचारे वादक ताटकळले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्यूझस्कोर हे नोटेशन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, आवृत्ती ४ मध्ये सेव्ह केलेली फाइल आवृत्ती ३ मध्ये उघडत नाही, आणि आपल्यातले बरेच जण अजून ३ वरच आहेत. दोन्ही एकाच लॅपटॉपवर राहू शकतात, त्यामुळे जुनं काढून टाकू नका.

फिनालेवाल्यांनो, ते नोटेशन सॉफ्टवेअर तर ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलंय, जुना लॅपटॉप चालतोय तोवर सगळ्या फायली म्यूझिकएक्सएमएलमध्ये (दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या फाइल प्रकारात) काढून ठेवा. त्यात सूर, ताल, शब्द येतात पण पानांची मांडणी जशीच्या तशी येईलच असं नाही, म्हणून सोबत पीडीएफ हवीच हवी.

पार्ट पाठवताना मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही शुक्रवारी रात्री ९ पर्यंत इथे टाका. कोणी ऑलरेडी अपडेट केलं असेल तर लगेच सांगा, रागावणार नाही.