काकांची डायरी वाचणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं निघताना बजावलंत, ते पाळतोय. पण आभार चार लोकांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे उघड पत्र.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री. जुन्या मेल सर्व्हरवर ताण यायला लागला म्हणून जोडीला दुसरा घेतला, लिनक्सवर पोस्टफिक्स हे मेलचं सॉफ्टवेअर चालवणारा. डिस्पॅच आणि परचेस त्यावर हलवले आणि तिथून रडगाणं सुरू झालं. जुन्या सर्व्हरवरच्यांचे मेल झटक्यात जायचे, नव्यावरचे सेंड दाबून ताटकळत बसायचे. डिस्पॅचला तर संध्याकाळी बिलिंग सॉफ्टवेअरमधून एकेक इनव्हॉइस आणि ई-वे बिल मेलनं जातं, दर बिलाला नवं कनेक्शन, दर बिलाला स्क्रीन गोठलेली. साठ बिलं म्हटली की दहा मिनिटं नुसती वाट बघण्यात. महिनाअखेरीला गेटवर ट्रक लागलेले असताना ड्रायव्हरांची बोलणी कोण खायचं? डिस्पॅचचे काका.

ज्यांनी सर्व्हर विकला त्यांना किती फोन केले असतील! आधी म्हणाले, नेट स्लो असेल. मग म्हणाले, तुमची माणसं मोठ्या फाइली पाठवतात. मग रॅम दुप्पट करायला लावली, त्याचे पैसे वेगळे. फरक शून्य. शेवटी ग्राफ काढून दाखवले: सीपीयू रिकामा, डिस्क रिकामी, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, एकही एरर नाही, तेव्हा सर्व्हर उत्तम आहे आणि लोकांना उगाच स्लो वाटतंय. 'उगाच वाटतंय' हे वाक्य माझ्या अजून डोक्यातून जात नाही. काकांनी एका जुन्या डायरीत रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या, ती त्यांनी विक्रेत्यांच्या साहेबांपुढे धरली. साहेबांनी हातसुद्धा पुढे केला नाही. "काका, वहीत लिहून सर्व्हर चालत नसतात," म्हणाले, आणि बरोबरची पोरं हसली. काकांनी डायरी खणात टाकली आणि त्यानंतर तक्रार करणंच सोडलं. छत्तीस वर्षं डिस्पॅच सांभाळलेला माणूस!

तुम्ही पुण्याहून माहेरी जयसिंगपूरला निघाला होता. माझ्या मावसभावानं एक शब्द टाकला आणि तुम्ही शनिवारी सांगली फाट्यावर उतरून थेट आमच्याकडे आलात. ना ओळख, ना देणं-घेणं. मला वाटलं होतं, आल्या आल्या लॅपटॉप उघडून सर्व्हरला जोडाल. तुम्ही विचारलंत, "सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो?" आणि डिस्पॅचमध्ये जाऊन काकांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसलात. डायरीचं मीच बोललो. काका नको नको म्हणत होते. तुम्ही हात पुढे केलात आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलात. चहा आला, त्यावर साय धरली, तरी तुमचं वाचन चालूच.

मग मान वर करून विचारलंत, "काका, हे सेकंद कशानं मोजलेत?"

काकांनी मनगट पुढे केलं. एचएमटीचं घड्याळ, सेकंदकाट्याचं.

"दोन ओळींचा मेल असला तरी दहा आणि ड्रॉइंग जोडलं तरी दहा?"

"व्हय ताई. पयलं धा सेकंद नुस्तं गप उभं ऱ्हातंय, मग सरसर जातंय. बारीक असूदे न्हाईतर मोठं."

"काका, अर्धं काम तुम्ही करून ठेवलंय."

ताई, त्या दिवशी तुम्ही सर्व्हर दुरुस्त केलात हे खरंच, पण मला विचाराल तर त्या वाक्याचं मोल जास्त आहे. काकांचा चेहरा तुम्ही समोरून पाहिलात, मी बाजूनं पाहिला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लगेच पुढचं पान उलटून तुम्हाला दाखवायला लागले.

बाकीचं तुम्हीच समजावलंत. दमलेलं मशीन कधी चार सेकंद घेईल, कधी वीस. दर खेपेला बरोबर दहा म्हणजे ते दमलेलं नाही, कुणाची तरी वाट बघतंय. कनेक्शन आलं की पोस्टफिक्स आधी डीएनएसला, म्हणजे कॉम्प्युटरची नावं आणि पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो, हा पत्ता कुणाचा. नाव मिळालं की उलटं विचारतो, या नावाचा पत्ता हाच ना. मगच समोरच्याला पहिला प्रतिसाद देतो. आणि विक्रेत्यांनी त्यांच्या नेहमीच्या साच्यातून बाहेरचा एक डीएनएस पहिला लिहून ठेवला होता, आमचा दुसरा. आमची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची राखण, बाहेरच्या डीएनएसकडे कुणाला जाऊ देत नाही आणि नाही म्हणूनही सांगत नाही. गेटवरच्या वॉचमननं दर गाडीला आधी बंद पडलेल्या एक्स्टेंशनवर फोन लावावा, तशी गत. कुणी बदललं नसेल तर लिनक्स अशा वेळी पाच सेकंद थांबून मग पुढच्या डीएनएसकडे वळतो. दोन विचारणा, दहा सेकंद. जुन्या सर्व्हरवर आमचाच डीएनएस पहिला होता, म्हणून तो सुरळीत.

लॉग स्वच्छ का, तेही तुम्ही सांगितलंत. 'अमुक जोडला गेला' ही नोंद पडते ती नावाची चौकशी संपल्यावर. शिवाय पाठवणाऱ्यानं पहिल्या प्रतिसादासाठी पाच मिनिटंसुद्धा थांबावं, असं मेलचे नियम सांगणाऱ्या २००८ च्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजात दिलंय, तेव्हा दहा सेकंदांची तक्रार कुठलंच सॉफ्टवेअर करणार नाही. ती माणूसच करणार. आणि माणसाचं तर कुणी ऐकत नव्हतं. वाट बघताना सीपीयू रिकामाच असतो, हे ग्राफवाल्यांना माहीत नसेल असं मी मानत नाही. त्यांनी बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

आमच्या साहेबांना विचारून तुम्ही पहिल्या डीएनएसची ती एक ओळ बदललीत. काकांनी सेंड दाबलं, घड्याळाकडे बघेपर्यंत मेल गेलेला.

पुढचंही सांगतो, कारण लोकांना कळायला हवं. आमच्या साहेबांपुढे तुम्ही पहिलं नाव काकांचं घेतलंत. मग व्हरांड्यात जाऊन त्या विक्रेत्यांच्या पोराला फोन केलात. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी काढणार. पण तुम्ही त्याला शांतपणे सगळं समजावलंत आणि म्हणालात, "आणखी कुठे असाच साचा टाकला असशील तर तिथेही बघून घे." दुसऱ्याची चूक हातात असताना इतकं सौजन्य मी आमच्या धंद्यात फार कमी पाहिलंय. हुशारीचं कौतुक सगळीकडे होतं, पगारही तिलाच मिळतो. पण समोरचा खरं बोलतोय असं धरून सुरुवात करणारी माणसं भेटत नाहीत हो. तुम्ही भेटलात, आणि आमच्या एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या खुर्चीवर परत ताठ बसवून गेलात.

पैसे घेतले नाहीत. जेवायला थांबला नाहीत. काकांच्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ आहे, तिथली गुळाची ढेप त्यांनी तुमच्यासाठी बांधून ठेवलीय. पुढच्या खेपेला माहेरी जाताना फाट्यावर गाडी थांबवा, मी आणून देतो. एवढ्याला तरी नाही म्हणू नका.

आपला कृतज्ञ,
फाउंड्रीतला कॉम्प्युटरवाला,
शिरोली