सण हा पुस्तक परत आणण्याचाही दिवस असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विशेष दिवस पुस्तकांनी साजरा करायचा म्हटले की ग्रंथदिंडी निघते, पालखीत जाडजूड ग्रंथ रचले जातात, पाहुण्यांना नारळाऐवजी पुस्तक दिले जाते आणि फोटो निघतात. यात वाईट काहीच नाही. पण त्या दिवशी दिलेले पुस्तक पुढे कुणी वाचले का, वाचून दुसऱ्याला दिले का, हे विचारायला कुणी जात नाही. म्हणून बडोद्यातल्या मराठी घरांना, मंडळांना आणि सोसायट्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, सण हा पुस्तक देण्याचा जितका, तितकाच घेतलेले परत आणून दुसरे नेण्याचा दिवस ठरवावा.

बडोद्याला ही रीत नवी नाही. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शाळा सुटल्यावर वाचायला काही हाती नसेल तर शिकलेले अक्षरही विसरले जाते, हे सयाजीराव महाराजांनी ओळखले होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि आपल्या खासगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तके त्याला दिली. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली. जिथे ग्रंथालय नव्हते अशा गावांना लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. पेटी वाचून झाली की परत यायची आणि तिच्या जागी दुसरी जायची. मांडवीतल्या इमारतीच्या काचेच्या फरशा आणि लोखंडी मांडण्या आजही लोक कौतुकाने बघतात, ते योग्यच आहे. पण त्या साऱ्या योजनेचा कणा ती परत येणारी पेटी होती. आपण आज साजरे करतो त्यात नेमकी तीच गळाली आहे.

सुरुवात संक्रांतीच्या वाणापासून करावी, कारण तिथे पैसे आधीच ठरलेले असतात आणि बायकांचे एकमेकींकडे येणे-जाणे रथसप्तमीपर्यंत चालू राहते. वाण म्हणून पुस्तक लुटण्याची कल्पना बऱ्याच जणींना सुचते. मात्र बहुतेक वेळा एकाच पातळ पुस्तकाच्या पंचवीस प्रती आणल्या जातात. मग गल्लीत पंचवीस घरी तेच पुस्तक पडते आणि अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही. त्याऐवजी पंचवीस वेगवेगळी पुस्तके घ्यावीत. त्यांत शंभर पानांच्या आतली दहा असावीत, कारण दिवसभराच्या कामातून वेळ काढून वाचणारीला संपवता येईल असेच पहिले पुस्तक लागते. आठ कथासंग्रह किंवा ललित, चार लहान मुलांना वाचून दाखवण्याजोगी, आणि तीन आरोग्य, विज्ञान किंवा बागकामासारख्या विषयांवरची. प्रत्येकाला १ ते २५ क्रमांक द्यावा आणि शेवटच्या कोऱ्या पानावर एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर पंचवीसही पुस्तकांची नावे आणि कोणते कुणाकडे गेले ते लिहिलेले असले की आपले वाचून झाल्यावर कुणाचे दार वाजवायचे ते प्रत्येकीला कळते. पहिली अदलाबदल गुढीपाडव्याला. एकत्र विकत घेताना विक्रेत्याकडे सवलत मागायला संकोच करू नये, आणि डिसेंबरातच मागणी नोंदवावी. मराठी पुस्तके बडोद्यात बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जागे झालो तर मिळेल ते उचलावे लागते आणि निवड हातची जाते.

चिठ्ठी लावायला सेलोटेप नको. तो वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडतो, सुटतो आणि गोंदाचा डाग पानात मुरतो. स्टेपलरची पिन पावसाळ्यात गंजते. मैद्याची खळ उत्तम, पण ती फक्त वरच्या कडेला, पातळ. जाड लावली तर पान सुरकुतते आणि त्या पिठाला कसर लागते. खळ वाळेपर्यंत मध्ये एक मेणकागद घालून पुस्तक वजनाखाली ठेवावे.

हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी पुस्तके ठेवू नयेत. हळदीचा डाग पाण्याने जात नाही, ओल्या बोटाने पुसला की पसरतो आणि साबणाचा हात लागला की तांबडा होतो. तिळगुळाचा चिकट हात लागलेल्या पानाला मुंग्या येतात. हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ सगळे आटोपल्यावर, निघताना दाराजवळच्या वेगळ्या टेबलावरून कापडी पिशवीत घालून पुस्तक द्यावे.

दसऱ्याचे पुस्तकपूजन हा आपल्याकडचा सर्वात जुना ग्रंथदिन म्हणायला हरकत नाही. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, वह्या-पुस्तके मांडायची, हे अजून घरोघरी होते. पण दोन-चार निवडक पुस्तके पाटावर ठेवून बाकीचे कपाट बंदच राहते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हा सगळे कपाट रिकामे करण्याचा खरा दिवस हाच. पुस्तके बाहेर काढून कोरड्या मऊ ब्रशने वरची कड झाडावी, पुठ्ठ्याच्या आतला सांधा उघडून बघावा, कारण कसर तिथेच दडते. आश्विनातले ऊन बडोद्यात कडक असते. थेट उन्हात ठेवले तर कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा गोंद तडकतो. सावलीत, वारा लागेल अशी अर्धी उघडी, उभी ठेवावीत. परत लावताना कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. पुस्तके दाटून कोंबू नयेत. प्लॅस्टिकची कव्हरे आतली ओल धरून ठेवतात, ती काढावीत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला. ओला पाला घातला तर बुरशीला आमंत्रणच. पूजेत झेंडू आणि आपट्याची पाने पुस्तकांवर वाहू नयेत, शेजारी ठेवावीत. ओल्या झेंडूचा पिवळा डाग पुठ्ठ्यावरून निघत नाही.

पूजेला मांडलेल्या पुस्तकाला त्या दिवशी हात लावायचा नाही, अशी रीत काही घरांत आहे. ती पाळणाऱ्यांनी पाळावी, पण पूजा उतरवल्यावर मुलांनी त्यातलेच एक पुस्तक उचलून दोन पाने मोठ्याने वाचावीत आणि ते दिवाळीपर्यंत आपल्याकडे ठेवावे. दसऱ्यापासून दिवाळी साधारण वीस दिवसांवर येते, एका पुस्तकाला हा अवधी छान पुरतो.

दिवाळी अंकांविषयी थोडे सविस्तर लिहितो. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या दिवाळीत फराळाइतकाच अंक असतो. आता किमतीमुळे एका घराला दोनपेक्षा जास्त अंक घेणे जड जाते. पाच घरांनी प्रत्येकी दोन घेतले तर दहा अंक होतात. भाऊबिजेपासून दर आठ दिवसांनी दोन-दोन अंक पुढच्या घरी सरकवायचे. पाच फेऱ्या, चाळीस दिवस, आणि संक्रांतीच्या आत दहाही अंक सगळ्यांचे वाचून होतात. कोण काय घेणार हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर तीन घरांत एकच अंक येतो. घरांचा क्रम आणि सरकवण्याच्या तारखा अंकाला घातलेल्या खाकी कागदाच्या कव्हरवरच लिहाव्यात. अंक अडकतो तो बहुधा तिसऱ्या घरी, पाहुण्यांच्या गर्दीत. म्हणून वाचून झाला नसला तरी ठरल्या दिवशी पुढे द्यायचाच, राहिलेले शेवटी वाचायचे, हा नियम कडक ठेवावा. शब्दकोडे पेनने सोडवू नये आणि पाककृतीचे पान कापू नये. दोन्हींची झेरॉक्स काढता येते.

गणेशोत्सवातल्या मंडळांना पेटी ठेवता येईल. झाकणाची, कडी असलेली एक पेटी, तीस पुस्तके, एक वही आणि वहीत चार रकाने: पुस्तकाचा क्रमांक, नाव, घर क्रमांक, नेल्याची तारीख. एका वेळी एकच पुस्तक. अनामत रक्कम मागू नये, तिच्यामुळे मुले येत नाहीत. पेटी जमिनीपासून हातभर उंच स्टुलावर आणि मंडपाच्या मधल्या बाजूला असावी, कडेला नाही. भाद्रपदातल्या सरींचे पाणी कनातीवरून कडेलाच ओघळते. सकाळच्या आरतीनंतर एक तास देवघेव ठेवावी. संध्याकाळी ध्वनिवर्धकापुढे पुस्तकाचे नावही ऐकू येत नाही. परतीची तारीख अनंत चतुर्दशी नको, तो सारा दिवस विसर्जनाच्या धावपळीत जातो. आदल्या संध्याकाळी पेटी मोजून बंद करावी. तिसांतली दोन-तीन पुस्तके परत येणार नाहीत, हे धरूनच चालावे. ती कुणाच्या तरी घरी आहेत आणि कधीतरी उघडली जातील. पेटी तशीच भरलेली राहिली, तर ती काळजीची गोष्ट.

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी भाषेविषयी भाषणे होतात. भाषणांऐवजी अभिवाचन करावे. मोठ्याने, समजेल असे वाचताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. पाच मिनिटांत पाचशे ते सहाशे शब्द, म्हणजे छापील दोन पाने. आठ वाचक घेतले तर चाळीस मिनिटे आणि मधल्या उठबशीसाठी दहा. यापेक्षा लांबवू नये. उतारा असा निवडावा की त्यात एक प्रसंग पुरा होईल. नुसते वर्णन ऐकणाऱ्याच्या मनात टिकत नाही आणि तीन-चार पात्रांचा संवाद असला की कोण बोलतो आहे ते कळत नाही. उताऱ्याची मोठ्या टायपातली प्रत काढावी, सुट्या पानांवर, कारण पिन मारलेली पाने उलटताना माइकमध्ये खरखर येते. घड्याळ लावून दोनदा वाचून पाहावे. घरी पाच मिनिटे लागणारा उतारा मंचावर घाईने साडेतीन मिनिटांत उरकला जातो, तो टाळायला पूर्णविरामाला श्वास घेण्याच्या खुणा पेन्सिलीने करून ठेवाव्यात.

आपल्या मुलांचा प्रश्न इथे निराळा आहे. घरात मराठी बोलणारी पुष्कळ मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. गुजराती अक्षरांवर शिरोरेघ नसते आणि ख, च, ज, फ, ब यांची वळणे वेगळी असतात. हिंदीमुळे देवनागरी ओळखीची झाली, तरी ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र त्यांनी कुठे पाहिलेला नसतो आणि तिथे ती अडखळतात. ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च यांतला फरक लिपीत दिसत नाही, तो ऐकूनच येतो. अशा मुलाला एकदम मंचावर उभे केले तर ते पुन्हा मराठी पुस्तक हाती घेत नाही. आधी आठवडाभर आजी-आजोबांनी तोच उतारा रोज वाचून दाखवावा, मुलाने बोट फिरवत बघावे, मग एक परिच्छेद आजीने, एक मुलाने. वाढदिवसाला पुस्तक देतानाही हेच ध्यानात ठेवावे. मधले कुठलेही पान उघडून मुलाला वाचायला सांगावे. पाचाहून जास्त शब्दांवर अडले तर ते पुस्तक दोन वर्षांनी द्यावे, आज सोपे आणि मोठ्या टायपाचे.

१५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे काही वर्षी तो नवरात्रात येतो आणि बडोद्यात नवरात्रातली संध्याकाळ गरब्याची. त्या वर्षी कार्यक्रम सकाळी ठेवावा किंवा कोजागिरीला न्यावा, तोही दूध आटवायला ठेवण्याआधी. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन परीक्षांच्या नंतर येतो, तेव्हा मुलांना सुट्टीसाठी पुस्तके देण्याला तो चांगला. आणि ११ मार्च हा सयाजीराव महाराजांचा जन्मदिवस. या दिवशी पुतळ्याला हार घालून झाला की प्रत्येकाने घरात अडकलेले ग्रंथालयाचे पुस्तक शोधून परत करावे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. सणाच्या दिवशी ग्रंथालये बंद असतात. त्या दिवशी वाचायचे किंवा वाचून दाखवायचे पुस्तक आदल्या दोन-तीन दिवसांतच आणावे लागते आणि हे ऐनवेळी लक्षात येते. पाडवा, गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी आणि संक्रांत या पाच सणांच्या आधीच्या रविवारी शहरातल्या मराठी पुस्तके देणाऱ्या ग्रंथालयांच्या वेळा, सुट्ट्या आणि सभासद होण्यासाठी लागणारी कागदपत्रे एका चौकटीत छापावीत. संक्रांतीची चौकट मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यावी, म्हणजे वाणाची पुस्तके मागवायला वेळ राहील.

आपले,
ग्रंथालयांत काम करणारे काही कार्यकर्ते, बडोदे