लोणारचा फोटो छापलात, उत्तरही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा सगळीकडे मोठमोठे फोटो झळकले. मी तेव्हा मेहकर भागात विज्ञान शिकवत होतो. शाळा बंद होत्या, पण मुलांचे फोन थांबत नव्हते: ‘सर, पाणी कशानं लाल झालं?’ शेवाळ असेल, असे मी सांगितले. ते चुकीचे होते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पहिला संशय त्यांनाही शेवाळाचाच होता. पण नमुना काही वेळ न हलवता ठेवला, तर गुलाबी रंग तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले! रंग पाण्याला चढलाच नव्हता. तो होता पाण्यातल्या हॅलोआर्किया या मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षार वाढले आणि हे जीव माजले. पाऊस पडल्यावर पाण्याचा खारेपणा उतरला, रंगही गेला. तिथल्या काठावरचा पांढरा खार बोटांत चोळून पाहा, साबणासारखा बुळबुळीत लागतो. अशा पाण्यात जीव नुसता तगत नाही, सरोवर रंगवतो. याहून सुंदर धडा मला वर्गात कधी शिकवता आला नसता. पण ही बातमी आली ती आतल्या पानावर, चार ओळींत.

हे नेहमीचेच झाले आहे. २०१६ मध्ये ‘प्लास्टिक खाणारा जिवाणू’ गाजला. पण जपानी संशोधकांच्या त्या जिवाणूला पेटची (बाटल्यांच्या प्लास्टिकची) पातळशी फिल्म संपवायला ३० अंश तापमानात सहा आठवडे लागले, हे किती वाचकांपर्यंत पोचले? २०२३ मध्ये कोरियातून एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानालाही अतिवाहक आहे, म्हणजे विजेला कसलाच अडथळा करत नाही, असा दावा आला. काही आठवड्यांतच इतर प्रयोगशाळांनी तो खोडला. दावा ठळक आणि खुलासा गायब.

माझी कळकळीची विनंती आहे, संशोधनाच्या बातमीचा पाठपुरावा करा. प्रयोग कुणी केला, किती नमुन्यांवर केला, पुढे काय झाले, हे मराठीत आम्हाला सांगा.

सुरुवात लोणारपासूनच करता येईल. उल्का आदळून झालेल्या या विवराचे वय अजूनही सर्रास ५० हजार वर्षे छापले जाते. आघाताने वितळलेल्या खडकाच्या आर्गॉन कालमापनातून (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीतून) ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले, आणि हा निष्कर्ष २०११ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. पुढच्या वेळी लोणारचा फोटो छापाल, तेव्हा त्याखाली हा आकडा जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. बुलढाणा